डाव्या उंबऱ्याचा सांधा

८ फेब्रुवारी

मामा,

आधी दोन गोष्टी सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हांला ठरवता येईल.

पहिली : तुमच्या बंद गॅरेजची किल्ली मी आईकडून घेतली आहे आणि गेले तीन रविवार तिथं काम करते आहे. तुम्हांला विचारलं नाही. आई म्हणाली, "विचारलंस तर तो नाही म्हणणार नाही आणि होही म्हणणार नाही, नुसता फोन कानाला लावून बसेल. त्यापेक्षा जा."

दुसरी : तिथं उभी आहे ती गाडी डॉक्टरीणबाईंची. वाटाणी रंगाची, बावन्न वर्षांची. हो, तीच. जिच्यावर मी तपासनीस म्हणून 'गंज न काढता वरून पत्रा मारलेला' असा शेरा लिहिला आणि ज्या शेऱ्यामुळे तुमची गॅरेज चालवायची मान्यता गेली.

अजून वाचत असाल तर पुढचं लिहिते.

गाडी तीन वर्षं बाईंच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. जानेवारीत त्या माझा अहवाल हातात घेऊन तपासणी केंद्रावर आल्या. म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं लोकांच्या दाढा कोरल्या. किडलेलं कापायला माझी काही हरकत नाही. पण कापणारा मिळेना. सगळे म्हणतात, त्या पत्रेवाल्याच्या कामात आम्ही हात घालणार नाही. तो माणूस गेला तरी कुठं?"

मी म्हणाले, "समुद्राकडे. बोटींच्या गोदीत काम करतो."

"तुम्हांला कसं माहीत?"

"माझा मामा आहे."

हे वाक्य त्या आवारात मी पहिल्यांदा उच्चारलं. आजूबाजूला कोणी नव्हतं, तेही मी आधी बघून घेतलं होतं. बाईंनी अहवालाची नीट घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "मग आता तुम्हीच कापा."

मला गाडी दुरुस्त करायला नियमाची आडकाठी नाही, फक्त तिची तपासणी मला करता येणार नाही. म्हणून हो म्हटलं. एवढंच कारण होतं असं समजा.

गॅरेजची स्थिती : शटरला तुम्ही जाताना ग्रीस लावलं होतं, ते एका दमात वर गेलं. भिंतीवर हातोड्यांच्या आकृत्या रंगवलेल्या आहेत तिथं तिथं हातोड्या आहेत. एकच आकृती रिकामी आहे, ती लहान गोल तोंडाची. ती तुमच्याकडे असेल. वेल्डिंगच्या नळीत गांधीलमाशांनी घर केलं होतं, काढलं. शेगडीवर चहाचं पातेलं पालथं घातलेलं होतं, तसंच ठेवलं आहे.

गाडीची स्थिती : डावीकडे तुम्ही काम केलेलं होतं. उजवीकडे गंज तीन वर्षांत खूप सरकला आहे. दारांखालची लांब पेटी, तुम्ही जिला उंबरा म्हणता ती, मागच्या टोकाला बोटानं दाबली तर आत जाते. गंज दिसतो त्याच्या दोन बोटं पुढं कापायचं, या हिशेबानं एक हजार चारशे वीस मिलिमीटर कापावं लागणार. तयार भाग कुठंच मिळत नाही. एक मिलिमीटरचा पत्रा आणला आहे. पुठ्ठ्याचा साचा काढून झाला.

एक प्रश्न आहे. तुम्ही वरची गोलाई आधी करायचात की खालची कड आधी मोडायचात? मी लहानपणी दोन्ही पाहिलं आहे, क्रम आठवत नाही. उत्तर दिलं नाहीत तरी चालेल. पत्रा जास्तीचा आहे.

भाची


१ मार्च

मामा,

वरची गोलाई आधी. खालची कड आधी मोडली की पत्रा पिळतो आणि मग काही केल्या सरळ होत नाही. एक पत्रा वाया घालवून कळलं. तो पिळलेला पत्रा आईनं नेला. कुंड्यांखाली ठेवणार म्हणाली, "एवढ्या शिकलेल्या मुलीनं केलंय, फेकायचं कशाला."

आता मोठी चूक सांगते, कारण ती फक्त तुम्हांलाच कळेल.

उंबरा कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा गज वेल्ड करून घ्यायचा, हे मला माहीत होतं. तुमचं वाक्यही पाठ होतं : "घराचा उंबरा काढला तर घर राहतं, गाडीचा काढला तर गाडी बसते." पण मी गणित केलं. गाडी चार ठिकाणी टेकूवर होती, छत आणि तळाच्या मधोमध जाणारा पत्र्याचा उंचवटा, म्हणजे बोगदा, शाबूत होता. हिशेबानं चौकट सहा दशांश मिलिमीटर वाकायला हवी होती. तेवढ्यासाठी गज कशाला, असं ठरवून मी ग्राइंडर लावला.

चौकट पाच मिलिमीटर बसली.

हिशेबात मी सगळा पत्रा नवा धरला होता. बोगद्याच्या तळाशीही गंज होता, तो मोजलाच नव्हता. कापून झाल्यावर पुढचं दार लावून पाहिलं, तर ते कुलपाच्या जागी पोचायच्या आधीच खांबाला घासलं. मी दार उघडून पुन्हा लावलं, पुन्हा घासलं. डॉक्टरीणबाई खुर्ची टाकून पेपर वाचत होत्या. म्हणाल्या, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, मोजमाप चुकलं." त्या म्हणाल्या, "माझी पहिली कवळी पेशंटच्या तोंडात गेलीच नव्हती. त्यानं ती पाण्याच्या पेल्यात ठेवून दहा वर्षं लोकांना दाखवली."

मग तुमची पद्धत आठवली. मी अकरा वर्षांची असताना एक अपघाताची गाडी आली होती आणि तुम्ही दोन दिवस तिच्याखाली जॅक घेऊन पडून होतात. पाव फेरा द्यायचा, बाहेर यायचं, दार लावून बघायचं, परत खाली जायचं. मी कंटाळून विचारलं होतं, "मामा, मोजत का नाही?" तुम्ही म्हणालात, "मोजतोय की. दाराला विचारतोय."

मी दीड दिवस दाराला विचारलं. अठ्ठेचाळीस वेळा. आता वरून खालपर्यंत फट साडेचार मिलिमीटर आहे, सगळीकडे. मग गज लावला. मग नवा उंबरा वेल्डच्या टाक्यांवर बसवला.

हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नाही. तुम्ही शिकवलंत, आणि शिकवताय असं दाखवलंही नाहीत. म्हणून आभार. पत्रात लिहिणं सोपं जातं.

आता डावी बाजू. खरं तर त्यासाठीच हे पत्र आहे.

अहवालाप्रमाणे डावा उंबराही कापायचा आहे. कापायच्या आधी मी बाईंना सांगितलं की आत पुन्हा एकदा बघून घेते. तपासणीच्या दिवशी माझ्याकडे सात मिलिमीटर जाडीचा, नळीसारखा कॅमेरा होता. पाणी निघून जायला तळाला जे भोक असतं, त्यातून आत घातला होता. त्याला फक्त समोरचं दिसतं, मागं वळता येत नाही. बाई म्हणाल्या, "थांबा," आणि पर्समधून दाढा बघायचा आरसा काढला. निवृत्त झाल्या तरी तो पर्समध्ये असतो. एकाहत्तर वर्षांची बाई गोधडी अंथरून गाडीखाली झोपली, एका हातात आरसा, दुसऱ्या हातात बॅटरी.

आरसा इकडून तिकडे फिरवून पाहिला. मग म्हणाल्या, "ही नुसती बुजवलेली दाढ नाही हो. कोरलेली आहे. आधी कोरून मग टोपी बसवलीय."

मी म्हटलं, "शक्य नाही. दोन पत्र्यांच्या कडा एकावर एक आहेत. मी स्वतः पाहिल्यात."

"मुली, मी चाळीस वर्षं आरशात उलटं बघून सुलटं ओळखलंय. कडांच्या मागं काय आहे ते पाहिलंस का तू?"

नाही पाहिलं, हे उत्तर होतं. मी खडूनं त्या जागेवर चौकोन आखला.

पुढच्या रविवारी तिथं खिडकी कापणार आहे. आत काय आहे ते डोळ्यांनी बघेपर्यंत याविषयी आणखी काही लिहिणार नाही.

भाची


८ मार्च

मामा,

डाव्या उंबऱ्याच्या आतल्या अंगाला एकशे ऐंशी बाय साठ मिलिमीटरची खिडकी कापली. एक मिलिमीटरच्या चकतीनं, म्हणजे तुकडा तसाच्या तसा निघाला. तुमचं काम चांगलं आहे की नाही हे बघायला मी त्याला भोक पाडलं, हे मला कळतं. दुसरा मार्ग सापडला नाही.

जे दिसलं ते असं.

जुना गंजलेला पत्रा आत कुठंही नाही. तुम्ही तो गंजाच्या दोन बोटं पुढून कापून काढला होता. आतली भिंत नवी आहे, १.२ मिलिमीटरची. तिच्यामागं तीन आडवे आधार आहेत, जे कारखान्यातून आलेल्या गाडीत नव्हतेच. सगळ्या पोकळीत मेण फवारलेलं आहे. नवा आणि जुना पत्रा जिथं भेटतात तिथं तुम्ही जुन्या पत्र्याच्या कडेला पायरी पाडली आणि नवा त्या पायरीत बसवला, बारा मिलिमीटर एकावर एक, दोन्ही बाजूंनी वेल्ड. तीन वर्षं बंद शेडमध्ये राहून त्या सांध्याला गंजाचा ठिपकासुद्धा नाही.

माझ्या कॅमेऱ्याला ती बारा मिलिमीटरची पायरी दिसली होती. मला वाटलं, पूर्ण पत्र्यावर पत्रा आहे. हातोडीनं तीन ठिकाणी ठोकलं होतं, तिन्ही ठिकाणी बद्द आवाज आला. मला वाटलं, आत गंजाचा भुगा. ते मेण होतं, आणि तुमचे आधार.

माझी सगळी निरीक्षणं बरोबर होती. निष्कर्ष चुकीचा होता.

हे वाक्य लिहायला मला दुपार गेली, म्हणून ते आणखी लांबवत नाही.

मी नऊ वर्षांची असल्यापासून शाळा सुटली की तुमच्याकडे असायचे. रुमालात चुंबक गुंडाळून प्रत्येक गाडीभोवती फिरायचं, चुंबक सुटला की तिथं खडूनं फुली मारायची, हे माझं काम. दुसऱ्या गॅरेजवाल्यांनी पुट्टी भरून लपवलेल्या जागा मी शोधायचे आणि तुम्ही गिऱ्हाइकाला म्हणायचात, "आमची मोजपट्टी म्हणते इथं पत्राच नाही." वरून पत्रा मारणाऱ्या माणसाशी तुम्ही बोलतही नव्हतात. तरी तुमच्याबद्दल मी तेच लिहिलं.

सोबत पुनर्विचाराचा अर्ज आहे. मान्यता रद्द झाल्यापासून तीन वर्षांच्या आत तो करता येतो. २८ एप्रिलला तीन वर्षं पूर्ण होतात, त्यानंतर मान्यता कायमची जाते. फोटो, मापं, माझा जबाब मी जोडते. तुमची सही मात्र तुमचीच लागते, चौथ्या पानावर.

भाची


२९ मार्च

मामा,

तीन आठवडे झाले, अर्ज आला नाही. मी आईला विचारलं. ती भाजी निवडत होती, वर न बघता म्हणाली, "तो सही करणार नाही."

"का?"

"अर्जात तपासनिसाचं नाव लिहावं लागतं म्हणे. नाव आलं की नातं निघेल, नातं निघालं की पोरीची नोकरी जाईल. तेव्हा नाही केलं ते आता कशाला, असं म्हणाला."

"तेव्हा नाही केलं म्हणजे?"

आईनं सुरी खाली ठेवली. "अगं, तेव्हा त्याला एका ओळीत सुटता आलं असतं. तपासणारी माझी सख्खी भाची आहे, एवढं बोलला असता तर तुझा कागद तिथल्या तिथं बाद झाला असता."

"आणि हे तुला माहीत होतं?"

"मला त्यानं शपथ घातली होती."

"मग आज का सांगतेस?"

"तीन वर्षं दर रविवारी तो मला विचारतो, पोरगी बरी आहे ना. तू मला विचारतेस, मामा बरा आहे ना. मी काय टपालपेटी आहे? बोला आता तुमचं तुम्ही."

मी नियमपुस्तक काढून पाहिलं. आई म्हणते ते खरं आहे. नातेवाइकाच्या कामाचं परीक्षण आपोआप अवैध ठरतं, पुरावाही लागत नाही. पाठ असलेला नियम, पण तो तुमच्या बाजूनं लावून बघायचं माझ्या डोक्यात आलंच नाही. तुमच्या आलं. तुम्ही गॅरेजला कुलूप लावलंत, शटरला ग्रीस लावलंत आणि गोदीत गेलात.

त्या दिवसाबद्दल एक सांगते. गाडी घेऊन तुम्ही माझ्या रांगेत आलात तेव्हा माझ्याकडे पाहून हसलाही नाहीत. म्हणालात, "मॅडम, कागद." मला तो टोमणा वाटला. पोरगी मोठी साहेब झाली, असं काहीतरी. मला राग आला आणि तो मी तीन वर्षं नीट जपून ठेवला. शेजारच्या रांगेतले तपासनीस, सगळीकडे ठोकून बघणारे ते हातोडीवाले, ऐकत होते म्हणून तुम्ही मला मॅडम म्हणालात, हे आज भाजीच्या ताटासमोर कळलं.

आता माझी बाजू. ती मी कोणालाच सांगितलेली नाही.

फॉर्मवर रकाना असतो : 'परीक्षण होत असलेलं काम करणाऱ्याशी नातं'. मी 'नाही' लिहिलं. मी नातं लपवलं नव्हतं, फक्त सांगितलं नव्हतं. यात फरक आहे असं मला तेव्हा वाटायचं. 'आहे' लिहिलं असतं तर गाडी हातोडीवाल्यांकडे गेली असती, आणि ते जुन्या गाड्या पास करत नाहीत. मला तुमचं काम पास करायचं होतं. म्हणून 'नाही'.

मग कॅमेऱ्यात ती कड दिसली. आणि मला भीती वाटली की मी पास करायचं ठरवूनच आले आहे, म्हणून मला काही दिसूनही दिसणार नाही. दुसरी कोणाची गाडी असती तर मी आतलं पॅनेल खोलायला लावलं असतं, तास घालवला असता. तुमच्या बाबतीत तो तास म्हणजे पक्षपात वाटला. चार मिनिटांत शेरा लिहिला. निःपक्षपाती दिसायच्या घाईत.

छापील कागद तुमच्या हातात दिला तेव्हा तुम्ही विचारलंत, "तुला दिसलं तसं लिहिलंस ना?" मी म्हटलं, "हो." तुम्ही म्हणालात, "मग झालं." ते 'हो' खरं होतं, पण पूर्ण नव्हतं.

शुक्रवारी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. खिडकीचा तुकडा आणि फोटो टेबलावर ठेवले.

साहेब म्हणाले, "हे कोणी विचारलंय का तुला?"

"नाही."

"तीन वर्षांनी?"

"गाडी आत्ता उघडली, साहेब. आणि रकान्यात मी 'नाही' लिहिलंय. तिथं 'मामा' असायला हवं होतं."

त्यांनी चष्मा काढला. "तुला कळतंय ना, यात मामा सुटेल आणि तू अडकशील?"

"हो."

"मामानं सांगितलं का असं करायला?"

"मामा नको म्हणतोय."

"म्हणजे घरात एक तरी शहाणा आहे," साहेब म्हणाले आणि माझा लेखी जबाब आवक क्रमांक टाकून घेतला. तुकडा त्यांच्या खणात आहे, चिठ्ठी लावून.

तेव्हा, मामा, आता हिशेब असा आहे. तुमच्या गप्प राहण्यानं वाचण्यासारखं माझं काही उरलेलं नाही. ते मी शुक्रवारी चार वाजता स्वतः दिलं आहे. चौकशी होणारच. फक्त तुमची सही नसेल तर माझी चूक सिद्ध होऊनही तुमची मान्यता परत येणार नाही, कारण ती मागायचा हक्क एकट्या तुमचा आहे. तीस दिवस राहिलेत.

चौथं पान. सही करा.

भाची


१२ एप्रिल

मामा,

अर्ज सोमवारी मिळाला. पाकिटावर वंगणाच्या अंगठ्याचा ठसा होता, त्यामुळे आत काय आहे ते उघडायच्या आधीच कळलं.

'पुनर्विचाराचं कारण' या रकान्यात दहा ओळींची जागा असते. लोक जादा कागद जोडतात. तुम्ही दोन ओळी लिहिल्यात :

'काम बरोबर होतं. तपासणारी मुलगी पण कामाला बरोबर आहे, तिला आत दिसायची सोय नव्हती.'

साहेबांनी मोठ्यानं वाचलं. म्हणाले, "अर्जदारानं तपासनिसाची शिफारस केलेली मी पहिल्यांदा बघतोय." मी म्हटलं, दुसरं वाक्य नियमात बसत नाही, खोडावं लागेल. ते म्हणाले, "माझ्या पेननं तर नाही खोडणार." आणि शिक्का मारला.

मागच्या कोऱ्या पानावर तुम्ही पेन्सिलीनं जे लिहिलंत ते मी अर्ज देण्यापूर्वी उतरवून घेतलं. 'वरची गोलाई आधी. आता कळलं असेल.' हो, कळलं. 'खिडकी बुजवताना तोच तुकडा वापर. एका दमात वेल्ड मारू नको. एक टाका, मग समोरच्या बाजूला एक टाका, ओल्या फडक्यानं गार कर, हात लावून बघ, मग पुढचा. आधी आजूबाजूचं मेण खरवड, नाहीतर पेट घेईल.' मेणाचं माझ्या लक्षात आलं नसतं. मी खरंच पेटवून घेतलं असतं.

म्हणजे माझी सगळी पत्रं तुम्ही वाचलीत. पहिल्यापासून.

मोजून सांगता येईल असं हे काही नाही. मी तो उतरवलेला कागद दिवसातून दोनदा बघते, एवढं लिहिते.

भाची


१७ मे

मामा,

निकाल बुधवारी लागला. तुमची मान्यता रद्द झाली त्या तारखेपासून, म्हणजे जणू ती गेलीच नव्हती, अशी कायम झाली. जुना अहवाल रद्द. खोटी नोंद केल्याबद्दल माझा तपासनिसाचा परवाना नऊ महिने निलंबित. निकाल योग्य आहे. मी असते तर बारा महिने दिले असते, हे मी साहेबांना म्हटलं, तर ते म्हणाले, "म्हणूनच तुला समितीवर घेत नाहीत."

आई पहिले दोन दिवस माझ्याशी फार जपून बोलत होती, मी आजारी असल्यासारखं. तिसऱ्या दिवशी मी सकाळी उठून गॅरेजला निघाले तेव्हा म्हणाली, "डबा ने. मामासारखी उपाशी राहून रागावत बसू नकोस." तुम्ही उपाशी असलात की चिडता हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, तुम्ही पत्र्यावर चिडता.

तुकडा साहेबांच्या खणातून परत मिळाला आणि खिडकी बुजवली. पंधरा मिलिमीटरवर एक, असे बत्तीस टाके. प्रत्येक टाक्यानंतर ओलं फडकं आणि हात. मग टाक्यांमधल्या फटी, त्याही तशाच, थांबत थांबत. सहा तास लागले. डॉक्टरीणबाई मध्येच म्हणाल्या, "एवढं तर मी रूट कॅनाललाही थांबले नाही." पत्रा कुठंही फुगला नाही. पट्टी लावून पाहिलं, तीन दशांशाच्या आत आहे. पण पट्टी नंतर लावली. आधी तळव्यानं पाहिलं, डोळे मिटून, तुम्ही बघता तसं, आणि तळव्याला आधीच कळलं होतं.

गाडीची तपासणी हातोडीवाल्यांनी केली. मी कुंपणाच्या बाहेर उभी होते, आत यायची मला परवानगी नाही. त्यांनी नेहमीप्रमाणे सगळीकडे ठोकलं. डाव्या उंबऱ्याला ठोकलं, थांबले, पुन्हा ठोकलं, मग गुडघ्यावर बसून कान लावला. बाहेर येऊन मला म्हणाले, "आवाज बद्द आहे, पण गंजाचा नाही. आत कोणीतरी जीव ओतलाय." पास केली. जुन्या गाडीला त्यांनी पास केल्याची केंद्रात दोन दिवस चर्चा होती.

आता आभार. मागे एकदा मानले होते, ते दाराच्या फटीबद्दल होते. त्यापेक्षा मोठ्या गोष्टींचे राहिले आहेत.

शाळा सुटल्यावर कोणाच्या तरी घरी बसवून ठेवण्याऐवजी तुम्ही माझ्या हातात चुंबक दिलात, त्याबद्दल. माझ्या खडूच्या फुलीवर विश्वास ठेवून मोठ्या माणसांशी वाद घातलात, त्याबद्दल. माझ्या चुकीची शिक्षा तुम्ही तीन वर्षं न बोलता भोगलीत. ते करायला नको होतं, आणि पुन्हा करू नका. पण केलंत, त्याबद्दलही. मला कोणी असं सांभाळलेलं आहे हे माहीत नसताना मी तीन वर्षं रोज कामावर जात होते. माहीत झाल्यावर परवाना गेला, आणि तरी हातात काही कमी आल्यासारखं वाटत नाही.

परत या, असं मी लिहिणार नाही. आई म्हणते, गोदीत तुमचं मन रमलं आहे, बोटीचा पत्रा जाड असतो आणि मालक कमी बोलतात. गॅरेज चालू आहे एवढंच कळवते. नऊ महिने मी तिथं आहे. मान्यता तुमच्या नावाची आहे, म्हणून तुमच्या देखरेखीशिवाय मला गिऱ्हाइकाचं काम घेता येत नाही. मी घेतलेलंही नाही. दोघं येऊन विचारून गेले. मी त्यांना म्हटलं, मालकांना विचारून सांगते.

मान्यतेचा कागद टपालानं पाठवायचा नाही, हातात द्यायचा, असं साहेबांनी बजावलं आहे. डॉक्टरीणबाईंना गाडी लांब पळवून बघायची आहे आणि समुद्र बघून त्यांना अकरा वर्षं झाली. गुरुवारी सकाळी आम्ही निघतो, दुपारपर्यंत गोदीच्या फाटकाशी येऊ. आईही येते आहे. तिनं मागची सीट आधीच सांगून ठेवली आहे.

गाडी थांबली की तुम्ही आधी गाडीखाली जाल, माणसांशी नंतर बोलाल, हे मी दोघींना सांगून ठेवलं आहे. डावीकडून सुरुवात करा. खिडकीचा सांधा मी घासून सपाट केलेला नाही. घासला की पत्रा पातळ होतो, हे एक कारण. दुसरं म्हणजे तो दिसावा असं वाटलं. त्यावर रंगही मारला नाही, नुसतं पारदर्शक लाखेचं पूट दिलं आहे. आतला तुकडा तुमचा, बाहेरचा पत्रा तुमचा, मधली रेघ माझी. नीट बघा, घाई करू नका. बाईंचा आरसा घेऊन येते.

चुकलेलं दिसलं तर तिथंच कापा. मी शेजारी असेन.

भाची